सईच्या लॅपटॉपचा दुसरा पडदा

४ मार्च २०२५, मंगळवार

सई आजही न खाता बसला पळाली. थालीपिठांचा डबा टेबलावरच राहिला. चैत्राली म्हणाली, "द्या काकू, मी तिच्या बिल्डिंगवरूनच जाते." त्यातलं अर्धं तिने जिन्यातच संपवलं असणार. ही नागपूरची पोरगी सईबरोबर ह्या दोन खोल्यांत राहते, किड्यांवर पीएचडी करते आणि माझ्या हातचं काहीही मिटक्या मारत खाते.

मला इथे येऊन तीन आठवडे झाले. एकवीस तारखेला सईची पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा आहे, डिफेन्स म्हणतात तिला. समोर पाच प्रोफेसर बसतात आणि मागे कुणीही ऐकायला बसू शकतं, म्हणून तर मी एवढ्या लांब आले. नोव्हेंबरात व्हायची होती ती. पण कुणी प्रोफेसर आजारी पडले म्हणून तारीख पुढे गेली, असं सईने तेव्हा फोनवर सांगितलं. माझ्या पथ्यावरच पडलं. नोव्हेंबरात माझा व्हिसा कुठे झाला होता?

तिचं काम तिने मला दाखवलं. खडकाच्या पोटात केसाएवढ्या भेगा असतात, त्यांतून पाणी कसं वाट काढतं, ते. लॅपटॉपला मोठा पडदा जोडलाय, त्यावर तो खडक गरगर फिरतो. माऊसने हवा तिथे कापायचा की आतलं दिसतं, कलिंगड कापल्यासारखं. बार्शीच्या आमच्या विहिरीचं पाणी मार्चात कुठे पळून जातं ते आता मला थोडंफार कळलं.

घर झाडून घेतलं. सईचं टेबल पुसताना लॅपटॉपवर एक खोकं उघडलेलं दिसलं. अपडेट तयार आहे, वायर लावून ठेवा, रीस्टार्ट करा. कालपासून येतंय ते, सई 'नंतर' दाबून मिटवते. म्हटलं, पोरीच्या मागची एवढी तरी कटकट कमी करू. वायर लावलेलीच होती. दाबलं. तो बंद झाला, चालू झाला, एक पट्टी हळूहळू भरत गेली, परत बंद, परत चालू. खोकं गेलं. उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करावा, तेवढंच काम.

बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. इथलाही चिखल आपल्यासारखाच असतो.

५ मार्च, बुधवार

लॅपटॉप बिघडला. म्हणजे त्याचा स्वतःचा पडदा चालतो, पण जोडलेला मोठा पडदा काळाठिक्कर. त्यावर 'सिग्नल नाही' एवढीच पाटी येते. आणि खडक लॅपटॉपवर फिरवायला गेलं तर फिरत नाही, धक्के खात सरकतो.

सई तासभर वायरी काढत घालत होती. मी म्हटलं, "बघू गं जरा."

"आई, प्लीज. तू ह्याला हात लावू नकोस. हा टीव्ही नाहीये."

खरं आहे, टीव्ही नाही. पण बावीस वर्षं मी टीव्हीच दुरुस्त केले. ह्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं तेव्हा दुकान बंद करायची वेळ आली होती. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी सोल्डरिंगचे डाग द्यायचे. पहिल्या वर्षी बोटं भाजली, दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली. शाळेत विज्ञान मला कधी जमलं नाही, ते त्या स्टुलाशेजारी जमलं. हे गेले, लोकांनी भिंतीवरचे चपटे टीव्ही घेतले, दुकान मिटलं. पण 'सिग्नल नाही' म्हटल्यावर माझे हात शिवशिवणारच ना?

६ मार्च, गुरुवार

सई गेल्यावर हात लावला. लॅपटॉपला नाही, वायरीला. तेवढं वचन पाळलं.

शंका आली की एकेक भाग बदलून बघायचा, ही आमची जुनी रीत. सईची वायर चैत्रालीच्या लॅपटॉपला लावली, मोठा पडदा लख्ख उजळला. म्हणजे वायर चांगली, पडदाही चांगला. तरी वायरीची टोकं कापसाने पुसून घेतली, मनाचं समाधान. मग उरला सईचा लॅपटॉप. संध्याकाळी सांगितलं तर सई म्हणाली, "ते मला माहीत होतं आई," आणि थोड्या वेळाने जवळ येऊन म्हणाली, "पण बरं झालं पक्कं केलंस."

"नवा घे की गं," मी म्हटलं.

"नव्यावर हे सगळं बसवायला पंधरा दिवस जातील. माझ्याकडे पंधराच आहेत."

७ मार्च, शुक्रवार

चैत्रालीने लॅपटॉप मांडीवर घेतला. तिला ह्यातलं सईपेक्षा थोडं जास्त कळतं, असं दोघींचंही मत आहे. ह्यात नेहमीची विंडोज नाही, लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. काही अडलं तर कंपनीला फोन करता येत नाही, इंटरनेटवर लोकांना विचारत बसायचं. विभागातला कॉम्प्युटर बघणारा माणूस सोमवारपासून सुट्टीवर, आणि तसाही तो म्हणतो, स्वतःचे लॅपटॉप तुमचे तुम्ही बघा.

चैत्रालीने मला समजावलं. आत चित्रं काढणाऱ्या दोन चिपा आहेत. लहान चिप लॅपटॉपचा स्वतःचा पडदा सांभाळते. मोठी बाहेरचा पडदा सांभाळते आणि सईचा खडक फिरवते. ह्या मोठीशी बोलायला एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो दुभाष्या कामावर येईनासा झालाय.

"म्हणजे थोरली जाऊ रुसून बसलीय आणि धाकटी एकटी राबतेय," मी म्हटलं.

"बाप्पा काकू, एकदम बरोबर!" मग सईकडे वळून, "काही अपडेट वगैरे केलंस का तू?"

"वेडी आहेस का? डिफेन्सच्या आधी? मी काहीच केलेलं नाही."

मी भाजी ढवळत होते. मी तरी अपडेट कुठे केलं? मी नुसतं ते खोकं मिटवलं. आणि चार तारखेला चालूच तर झाला होता तो.

चैत्राली म्हणाली, "होऊन जाईल न. नाहीतर साधी चित्रं दाखव, काय."

"त्या पांढऱ्या भुवयांच्या म्हाताऱ्यासमोर? तो म्हणणार, इथे काप. तिथे काप. जिवंत खडक लागतो त्याला."

"हो यार. मागच्या वेळेस तर त्याने..." एवढं बोलून चैत्राली एकदम पाणी प्यायला उठली. कुठल्या तरी मिटिंगमध्ये त्या प्रोफेसरांनी सईला छळलेलं दिसतंय.

१० मार्च, सोमवार

उन्हाळा येतोय म्हणून काल इथली घड्याळं एक तास पुढे गेली. सगळा देश एकदम म्हणतो की आता आठ वाजले, आणि वाजतात. विद्यापीठाला आठवड्याची सुट्टी लागली. बसही तासाने एक.

चैत्रालीने तो ड्रायव्हर उपटून पुन्हा लावायला घेतला. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं भराभर पळत होती. मध्येच कसला तरी पासवर्ड मागितला, तिने मनानेच एक ठोकून दिला. तेवढ्यात तिची बस आली. तिचे किडे सुट्टी घेत नाहीत, खायला घालायला जावंच लागतं. सई लायब्ररीत होती.

"काकू, ही अक्षरं थांबली की रीस्टार्ट करा. काही विचारलं तर मला फोन करा, हां."

अक्षरं थांबली. रीस्टार्ट केलं. आणि बघते तर अख्खा पडदा निळा! मध्ये लिहिलेलं, कुठलंही बटण दाबा, दहा सेकंदांत. आकडे उलटे पळतायत, नऊ, आठ. माझ्या लगेच लक्षात आलं. घाई करायला लावणारं जे जे असतं ते फसवणुकीचं असतं. आमच्या बचत गटात पोलिसांनी येऊन हे सांगितलं आणि नंतर गल्लीतल्या तीस बायकांना मी सांगितलं. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंचं खातं अशाच एका पडद्याने धुऊन नेलं होतं. हटवायला म्हणून एक बटण दाबलं तर आत चार ओळी आल्या. पहिली होती, 'पुढे चालू'. तीच दाबली. लॅपटॉप शहाण्यासारखा चालू झाला.

मोठा पडदा मात्र काळाच. चैत्रालीला फोनवर एवढंच सांगितलं की झालं नाही. त्या निळ्या पडद्याचं सांगून आणखी कशाला घाबरवायचं? पोरी आधीच काळजीत आहेत. मी परतवला ना त्याला.

१२ मार्च, बुधवार

आज ड्रायव्हरची जुनी आवृत्ती. पुन्हा तीच पळती अक्षरं, पुन्हा चैत्रालीची बस, पुन्हा रीस्टार्टला मी एकटी.

पुन्हा निळा पडदा! ह्या वेळी म्हटलं, चोर कोण आहे ते तरी बघू. दुसऱ्या ओळीत होतं, 'किल्ली नोंदवा'. आत गेले, हो म्हटलं, आणि बघा, सरळ पासवर्डच मागितला. मी बटण दाबून धरून लॅपटॉप बंदच केला. चालू केल्यावर परत निळा, तेव्हा पहिली ओळ दाबून सुटले.

म्हणजे हे मेलं लॅपटॉपच्या आतच बसलंय. सईचा पाच वर्षांचा अभ्यास त्यात आहे. मी इथे नसते तर काय झालं असतं?

मोठा पडदा काळाच आहे. सई रात्री जेवताना म्हणाली, "दोनदा करून झालं. आता चिपच गेली असेल." वरणात चमचा फिरवत राहिली.

१४ मार्च, शुक्रवार

होळी काल झाली, पुरण आज घातलं. इथल्या भारतीय दुकानात हरभऱ्याची डाळ मिळाली, गूळ मात्र दगडासारखा. चैत्रालीने पाच पोळ्या खाल्ल्या आणि त्याच हाताने लॅपटॉप घेतला. सई ओरडली, "हात धू!"

लॅपटॉप स्वतःची दैनंदिनी ठेवतो म्हणे. कधी काय झालं ते वेळेसकट. चैत्राली ती वर वर सरकवत होती. मग थांबली.

"अगं सई, हे बघ. चार तारीख, सकाळी दहा बेचाळीस. नुसता अपडेट नाही, आतलं मूळचंच काहीतरी अपडेट झालंय. पण तेव्हा तू तर..."

सईने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पोळीवर तूप घालत होते, जरा जास्तच पडलं.

"आपोआप झालं असेल," सई म्हणाली.

"आपोआप? हे आपोआप नाही होत न यार, कोणीतरी..."

"चैत्राली, जाऊ दे ना. आता कळून काय उपयोग? आई, तू बसतेस का? किती वेळ उभी आहेस."

म्हणजे आपोआपही होतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरं तर पुरता उतरला नाही. माझी पोळी अर्धी ताटातच राहिली. पण सईच म्हणाली ना, आपोआप म्हणून.

१७ मार्च, सोमवार

सई साधी चित्रं बनवतेय. खडक आधीच बारा ठिकाणी कापून प्रत्येक कापाचा एकेक फोटो. "बाराच्या बाहेर विचारणार नाही तो," असं म्हणते आणि नखं कुरतडते. दहावीनंतर तिने नखं कुरतडलेली मी पाहिली नव्हती.

मी रोज सकाळी तो लॅपटॉप पुसते. दुसरं काय करू?

१८ मार्च, मंगळवार

आज दुपारी तालीम झाली. चैत्राली भुवया वर चढवून प्रोफेसर झाली. सई उभी राहून बोलली. मला इंग्रजी तुटक कळतं, पण पोरीचा आवाज कळतो. पहिली वीस मिनिटं नदीसारखा होता. मग तेरावा काप आला. चैत्राली बोट दाखवून म्हणाली, "व्हॉट अबाउट हिअर?" सईकडे तिथला फोटो नव्हता.

तिने बाराही फोटो पुन्हा चाळले. मग सई मराठीत म्हणाली, "माहीत नाही. कापता आलं असतं तर सांगितलं असतं." आणि लॅपटॉप मिटला.

मी भांडी घासायला घेतली ती दोनदा घासली.

दुकानात आमची पावती असायची. त्यावर नाव, पत्ता, काय बिघडलं, आणि चौथा रकाना मी स्वतः हाताने आखायचे: 'शेवटचा हात कुणाचा?' गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, कुणाचाच नाही, आपोआप बंद पडला. एकदा एक सासरे टीव्ही टाकून गेल्यावर चार दिवसांनी सुनेला घेऊन विचारायला आले. सून नुसती पदराशी चाळा करत होती. मी सासऱ्यांना समोर चहा प्यायला पाठवलं आणि तिला विचारलं. फडकं ओलं होतं, मागच्या फटीतून पाणी गेलं, एवढंच. दहा मिनिटांचं काम. तिने आधी सांगितलं असतं तर मी चार दिवस नको तिथे शोधत बसले नसते. खोटं बोलण्यात तिचा फायदा कसलाच नव्हता. म्हाताऱ्याच्या मनातून उतरायची भीती, बाकी काही नाही.

कितीदा हसून सांगितली असेल मी ही गोष्ट. आज ती सून मीच आहे. आणि कुणाला चहाला पाठवायचीही सोय नाही.

मला माहीत होतं. सात तारखेला भाजी ढवळताना माहीत होतं. इथे वहीत मात्र 'नुसतं खोकं मिटवलं' असं लिहून बसले. स्वतःच्या वहीत.

१९ मार्च, बुधवार

सकाळच्या चहालाच सांगितलं. पोळपाट धरून उभी होते, म्हणजे हाताला काहीतरी असावं म्हणून.

"सई, चार तारखेला ते खोकं मी दाबलं."

"माहितीये मला आई."

"माहितीये?"

"दहा बेचाळीसला मी वर्गावर होते. चैत्राली लॅबमध्ये. चोर काय अपडेट करायला घरात शिरला?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? तू रोज सकाळी तो लॅपटॉप पुसत बसत होतीस. म्हटलं, कळलं तर ही जेवायची नाही."

"जेवत नव्हतेच मी."

"ते दिसत होतं," सई म्हणाली आणि तिला हसूही आलं, डोळ्यांत पाणीही आलं. मला जरा धीर आला. म्हटलं, चुकले ते चुकले, पण केलेलं चांगलंही सांगावं.

"त्या निळ्या पडद्याला मात्र मी दोन्ही वेळा परतवलं हो. पासवर्ड मागत होता. मी नाही दिला."

सईचा कप हवेतच राहिला. "कुठला निळा पडदा?"

सांगितलं. दहा सेकंद, चार ओळी, किल्ली, पासवर्ड. सई उठली आणि बाथरूमचं दार बडवलं. चैत्राली तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आली. तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

"काकू! तो पासवर्ड मीच टाकला होता!"

"मग मला सांगायचंस की."

"मला तरी काय माहीत, तो परत विचारणार आहे म्हणून! मी म्हटलं फॉर्मॅलिटी आहे!"

"विचारलं तर फोन करा, म्हणाली होतीस ना तू?" सईने तिला विचारलं.

"हो न! काकू, तुम्ही फोन काहून नाही केला?"

"तुम्हाला घाबरवायचं नव्हतं."

मग दोघींनी आपापल्या फोनवर शोधलं आणि पाच मिनिटांत सापडलं. पंधरा दिवस जे सापडत नव्हतं ते, 'निळा पडदा' एवढे दोन शब्द मिळाल्यावर. मी केलेल्या अपडेटने लॅपटॉपला आतून एक कडी लागली होती. अनोळखी कुणाला आत घ्यायचं नाही, अशी. नवा ड्रायव्हर आला की लॅपटॉप त्याला दाराशी उभं करून घरच्या माणसाला विचारतो, ह्याला ओळखता का? ओळखत असाल तर ठरलेला पासवर्ड सांगा. आणि घरचं माणूस म्हणून तिथे बसलेली मी दोन्ही वेळा म्हणाले, नाही ओळखत.

चैत्रालीने तिसऱ्यांदा ड्रायव्हर लावला. तिची बस आली आणि गेली, तिने मान वळवून पाहिलंही नाही. निळा पडदा आला तेव्हा सई म्हणाली, "आई, तू दाब."

"नको गं बाई."

"तूच दाब. तुला वाट माहितीये."

दुसरी ओळ. पुढे. हो. मग पासवर्ड. "काय आहे गं?"

चैत्राली लाजली. "सांभारवडी. इंग्रजीत."

नागपूरकडची ती कोथिंबिरीची वडी, तिथेही खाणंच! एकेक अक्षर शोधून टाकलं. टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, आंधळेपणाने लिहायचं. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, आणि मोठा पडदा उजळला. चैत्रालीने मला उचलूनच घेतलं, माझं वजन काय, तिचं काय. सईने खडक उघडला. फिरवला. तेराव्या जागी कापला. आत पाणी होतं.

ती एकदम खालीच बसली, जमिनीवर, खुर्चीला पाठ लावून.

"आई, नोव्हेंबरात कुणी आजारी नव्हतं."

चैत्राली हळूच तिच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"डिफेन्स झाला होता. मी नापास झाले. मी खडकाची फिल्म आधीच तयार करून नेली होती. ते म्हणाले, इथे काप. फिल्म कशी कापणार? मला वाटलं तोंडी सांगता येईल. नाही आलं. दोनदाच बसता येतं. ही दुसरी वेळ आहे."

मला राग आला. खरं लिहिते, फार राग आला. इथे येईपर्यंत तीन महिने मी गल्लीभर सांगत फिरले, बिचारे प्रोफेसर आजारी आहेत, त्यांना बरं वाटू दे. आणि ही इथे एकटी सगळं गिळून बसली होती. तोंडाशी आलं होतं, आईला खोटं सांगतेस? पण पंधरा दिवस मी काय करत होते? एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू जेवली नसतीस."

मग दोघींनी काल उरलेली खिचडी गरम करून खाल्ली. सकाळी नऊ वाजता, भरपूर तूप घालून.

२१ मार्च, शुक्रवार

नेसायला निळी इरकल काढली. सई म्हणाली, "आई, तो रंग नको गं, आज तरी." तिला विनोद सुचतोय हे बघून बरं वाटलं. हिरवी नेसले.

खोली लहानशीच, चाळीसेक खुर्च्या. पुढे पाच प्रोफेसर. पांढऱ्या भुवयांचे ते कोपऱ्यात. मला ते दुष्ट असतील असं वाटलं होतं. तसे नव्हते. चष्मा पुसत होते आणि मी आणलेला चिवडा त्यांनी दोनदा घेतला. सईने लॅपटॉपची वायर भिंतीला जोडली. मी मनात म्हणत होते, थोरले बाई, आज रुसू नकोस. भिंतीवर खडक उमटला.

सई चाळीस मिनिटं बोलली. नदी होती ती, कुठे अडली नाही. मग त्या म्हाताऱ्यांनी हात वर केला आणि म्हणाले, तिथे कापून दाखव.

तिने कापलं. आत पाणी नव्हतं. असायला हवं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सई म्हणाली, "आय डोन्ट नो व्हाय." एवढं इंग्रजी मला येतं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती शेजारी कापत होती. मग जरा खाली. मग उलट बाजूने. कापत कापत बोलत होती, त्यांच्याशी नाही, खडकाशीच बोलल्यासारखी. म्हातारे खुर्चीवरून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी एका भेगेवर बोट ठेवलं. सई म्हणाली, यस, यस, आणि तिथे कापलं. पाणी तिथून वळलं होतं. दोघांची डोकी त्या भेगेजवळ आली होती, अंगणात काही सांडलं तर शोधायला वाकतात तशी.

मग आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, सईलासुद्धा. निकाल ते आत दार लावून ठरवतात. अर्धा तास ती व्हरांड्यात उभी होती, मी बाकावर. तिला आत बोलावलं. दहा मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा ती सरळ माझ्यासमोर आली आणि एका दमात म्हणाली,

"पास. पण तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचंय. आज जे निघालं ते त्यात घालून. तीन आठवडे दिलेत. नाही जमलं तर पदवी अडकेल. सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, म्हाताऱ्यांनी तिला डॉक्टर म्हणून हात मिळवला. चैत्रालीने उरलेला चिवडा वाटून संपवला आणि तिच्या किड्यांकडे गेली. व्हरांडा रिकामा झाला. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो.

"तिसऱ्या प्रकरणात काय आहे गं?" मी विचारलं.

तिने पाठकोऱ्या कागदावर भेग काढली, बाण काढले, हे पाणी, हा दाब. मला चौथाई कळलं असेल. ती दमलेली होती, आवाज बसला होता. म्हटलं, बाकीचं घरी गेल्यावर विचारते.

"आत्ताच विचार," सई म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला.